दर्पणाची चौकट

जुन्या जालन्यातील एका घरात गेल्या पावसाळ्यात आरशाची चौकट वाळवीने पोखरली. काच मात्र शाबूत राहिली. कडेने काळपट ठिपके पडलेली, मध्यभागी अजून स्वच्छ. तिच्या डाव्या बाजूस दोन टिकल्या चिकटलेल्या आहेत. त्या लावणाऱ्या गृहिणी तीन वर्षांपूर्वी निवर्तल्या.

नवी चौकट जुन्या घाटणीची, कोरीव असावी, यावर पितापुत्रांचे एकमत होते. मुलाचे म्हणणे एवढेच, की काचही नवी घ्यावी. पाठीचा रंग खरवडून वर आम्ल शिंपडले की नवा आरसाही पुरातन दिसू लागतो. वडिलांना ते पटेना. काचेच्या पाठीशी चांदीचा अत्यंत पातळ थर असतो. ही रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्यापूर्वी कथिल आणि पारा वापरीत. दमट हवा कडेने आत शिरते आणि चांदी काळवंडते. कितीएक पावसाळ्यांनी दिलेले हे डाग एका दुपारी पाडून घेणे म्हणजे खातेवहीत मागील तारखेची नोंद घालणेच की!

काच जुनीच ठरली. सागवानी चौकटीवर अष्टमंगल कोरायचे ठरले: स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मत्स्ययुगल. आठवे दर्पण. आता आरशावर आरसा काय कोरायचा? म्हणून चार कोपऱ्यांत चार, वरच्या पट्टीच्या आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर तीन चिन्हे आली; खालची पट्टी मधोमध कोरी राहिली. सुताराला ते अपुरे वाटले. तेथे निदान एक कमळ तरी येऊ द्या, असा त्याचा आग्रह होता. ‘आठवे आत आहे,’ एवढेच उत्तर त्याला मिळाले.

काचेमागे हवा खेळावी म्हणून पाठीची फळी थोडी दूर ठेवली. लाकूड फुगेल म्हणून खाचेत किंचित मोकळीक दिली. दोन फूट रुंद, तीन फूट उंच आणि ५ मिलिमीटर जाडीची काच सुमारे ७ किलो भरते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत साध्या खिळ्यावर तिचा भरवसा कसा धरावा? लांब लाकडी पट्टी आडवी बसवावी लागली.

आपादमस्तक दिसण्यासाठी आरसा माणसाच्या उंचीच्या निम्मा असला तरी पुरतो. मात्र तो ज्याच्या त्याच्या उंचीला जुळवून टांगावा लागतो. सुताराने वडिलांना भिंतीशी उभे करून पेन्सिलीने खूण केली. ती त्यांनी चार इंच खाली घ्यायला लावली.

आता भांग पाडताना त्यांना जरा वाकावे लागते. टिकल्या पूर्वीच्याच उंचीवर आहेत.