घड्याळवाल्याचा अंगठा

आयपीएलचा सामना शेवटच्या षटकात गेला की मंचरचे आमचे मामा जाहीर करतात, "बघायचं काय त्यात? सगळं ठरलेलं असतं!" आणि शेवटच्या चेंडूपर्यंत बघतात.

तेच मामा यात्रेत घाटावर गेले की असं मोघम बोलत नाहीत. जुन्नर-आंबेगावकडे गाडा एकटाच पळतो. पुढं घोडी, मागं धुरळा, आणि लढत सेकंदांशी. बैलाला पैसे चारण्यात अर्थ नसतो. चारले तर चघळेल, पण पाय आखडता घेणार नाही. उरतो घड्याळवाल्याचा अंगठा. मामांची नजर नेमकी तिथं! 2014 च्या निकालानं शर्यती बंद पडल्या, त्या डिसेंबर 2021 मध्ये परत सुरू झाल्या. मधल्या काळात मामांचा सगळा संशय बिचाऱ्या क्रिकेटला झेलावा लागला.

एकदा मी म्हटलं, "मामा, 2023 ते 27 चे सामने दाखवण्याचे हक्क 48,390 कोटींना विकले गेले. पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, त्याचेच हे पैसे. निकाल ठरवून मंडळ स्वतःचा माल कशाला नासवेल? अंगठा शोधायचाच, तर सट्टेवाल्याचा शोधा. 2015 मध्ये चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं घरी बसवले गेले, ते सट्ट्यापायीच."

"त्यात राजस्थानच्या सहमालकावरच ठपका होता ना?"

"होता."

"म्हणजे गाडामालकाच्याच हातात घड्याळ!" मामा म्हणाले.