जुळ्या धातूंची ताटातूट

आम्ही बी.कॉम. झालेली कारकून मंडळी. धातू म्हटला की आम्हाला भंगाराचा भाव आठवतो. पण मुकुंदवाडीतल्या आमच्या अभ्यासिकेत येणारी बी.एस्सी.ची एक मुलगी रसायनशास्त्र सोडायला निघाली. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. ते म्हणाले, "भाऊ, हे शिकून पोट भरतं का?" मग आम्हीच तिचं पुस्तक उघडून बसलो.

त्यात झिर्कोनियम आणि हाफ्नियम ही जोडी भेटली. झिर्कोनियमचा शोध १७८९ सालचा. हाफ्नियम त्याच्याच खनिजात दडून बसलेला, आणि तो सापडला थेट १९२३ साली, कोपनहेगनला! दोघांच्या अणूंचं आकारमान जवळजवळ एक, गुणही एक. मग वेगळे कशाला करायचे? तर आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात, १९६९ सालापासून, युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. झिर्कोनियम न्यूट्रॉन कणांना वाट देतो. हाफ्नियम मात्र त्याच्यापेक्षा पाचशेपट अधिक कण गिळतो. तो नळीत राहिला तर भट्टी धड चालायची नाही. खनिजात तो शंभराला दोनेक भाग असतो. तो दहा हजाराला एक भागाच्याही खाली आणावा लागतो.

हे काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतं. किनाऱ्यावरची झिरकॉन वाळू कॉस्टिक सोड्याबरोबर भाजतात, मग नायट्रिक ॲसिडात विरघळवतात. त्या पाण्यात ट्रायब्युटिल फॉस्फेट घातलेलं रॉकेल घुसळतात. हो, आपल्या स्टोव्हचं असतं तसलंच रॉकेल! घुसळणं थांबलं की रॉकेल वर तरंगतं. झिर्कोनियम फॉस्फेटला धरून रॉकेलात चढतो, हाफ्नियम बहुतेक खालच्या पाण्यातच राहतो. एका घुसळणीत भागत नाही. पाणी एकीकडून, रॉकेल उलट बाजूने, असं पुन्हापुन्हा. शेवटी रॉकेलातला झिर्कोनियम परत पाण्यात उतरवून घेतात, आणि रॉकेल पुन्हा कामाला.

वडील मुकाट्याने ऐकत होते. नायट्रिक म्हणताच त्यांनी बोटं पुढे केली. टोकं पिवळी पडलेली.

"आबा, कातडीतल्या प्रथिनावर या ॲसिडाची क्रिया होते, म्हणून पिवळं पडतं," मुलगी म्हणाली.

"चार वर्षांत हे कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. परीक्षेच्या फीबद्दल मग त्यांनी स्वतःच विचारलं. रबरी हातमोज्यांसाठी ठेकेदाराला द्यायचा अर्ज आम्ही त्याच रात्री लिहून दिला. सोमवारी ते तो देणार आहेत.