फलाटावरचे छप्पर

सांगलीच्या आमच्या घराच्या माडीवर पूर्वी कापडाच्या गाठी रचून ठेवीत ती खोली आहे. तिच्यात गेली दोन वर्षे मी मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधतो आहे. आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले आहे. परंतु माझे बांधकाम माझ्या लहानपणीच्या, १९७८च्या सुमाराच्या स्थानकाचे असल्याने जुनेच नाव ठेवले. चिरंजीवांनी दुकान सांभाळायला घेतल्यावर पुण्याला जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय पाहिले आणि साठीच्या उंबरठ्यावर हा छंद जडला. प्रमाण १:८७, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरचा.

आरंभ मी दर्शनी भागापासून केला. सगळे तेच करतात. स्टीव्हन्स साहेबांचा तो घुमट, कमानी, प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ यांत पाच महिने गेले. पाहुण्यांनी छायाचित्रे काढली, मीही फुशारलो. अण्णांना (माझे वडील, वय ८७) खुर्चीतून वर आणले. त्यांनी बराच वेळ पाहून विचारले, “हे बाहेरचं झालं. गाडी कुठं लागते?”

प्रश्न खरा होता. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मूळजी जेठा मार्केटात खरेदीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी घुमटाकडे मान वर करून कधी पाहिले होते? आमचे स्थानक म्हणजे फलाट, लोखंडी खांब, वरच्या कैच्या, पत्रा आणि रूळ जिथे संपतो तो बफर.

मग छप्पर हाती घेतले आणि हिशेबाला बसलो. बावीस मीटरचा डबा या प्रमाणात पंचवीस सेंटिमीटरचा होतो. अठरा डब्यांची गाडी साडेचार मीटर, आणि माझी खोली चौदा फूट, म्हणजे सव्वाचार मीटरच! सहा डबे ठेवले, बाराांवर काट मारली. रुंदीचेही तसेच. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचे १८६८चे छप्पर मध्ये एकही खांब न घेता सुमारे २४० फूट रुंदी ओलांडते. फलाटाखालच्या तुळयाच त्या कमानीची दोन टोके धरून ठेवतात. खालच्या तळघरातील खांबांचे अंतर तर तिथे साठवायच्या पिंपांच्या मापावरून ठरवले होते. माल पाहून इमारत आखण्याची ही रीत आपल्याला नवी नाही! पण ते छप्पर १:८७ मध्ये ८४ सेंटिमीटर रुंद होईल, आणि माझी फळी पाऊण मीटरची. खांबांच्या छपराची सोय अशी की, दोन ओळी कमी केल्या तरी नजर फसते. उंचीत मात्र काटकसर चालत नाही. वरून विजेची तार जाते, इंजिनाचा दांडा तिला टेकतो, त्याच्याही वर छप्पर हवे.

खरी अडचण पुढेच. छप्पर बसवले आणि गाडी दिसेनाशी झाली. डबा घसरला तर हात जाईना, रूळ पुसता येईना. शेवटी पत्र्याचे चार तुकडे केले, प्रत्येक सुटा उचलता येईल असा, आणि आत बारीक पिवळे दिवे लावले. आवश्यक तेवढा अंधारही राहू दिला.

या पर्युषणाआधी एका संध्याकाळी अण्णा पुन्हा वर आले. मी बफरकडचा तुकडा उचलला. त्यांनी वाकून बोटाने खांब मोजले आणि तिसऱ्यावर बोट ठेवले.

“इथं मी रात्रभर बसलो होतो.”

घरात आम्हाला ठाऊक होते ते एवढेच की, एकदा अण्णांची गाडी चुकली होती. ती चुकली नव्हती. एका पेढीने मुदत वाढवून देण्यास नकार दिला होता, आणि घरी काय सांगावे हे न सुचल्याने त्यांनी समोरून महालक्ष्मी जाऊ दिली. त्या दिवाळीला कापडपेठेतला आमचा दुसरा गाळा विकला गेला. काकांनी वाटणीचा हट्ट धरल्यामुळे तो गेला, अशी माझी समजूत होती. मी बारा वर्षांचा होतो; पुढे मोठा झालो, तरी काकांशी मनमोकळेपणाने बोललो नाही. त्यांच्या घरच्या दोन लग्नांना केवळ आहेर पाठवला.

“गाळा त्याच्या वाट्याचा होता,” अण्णा म्हणाले. “त्यानं तो विकून पेढीचं देणं फेडलं. कुणाला सांगू नको, असं मीच त्याला म्हणालो होतो.”

मी तो छपराचा तुकडा हातात धरून उभा होतो. खाली ठेवायचे भान राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना फोन केला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. रविवारी ते मिरजेहून आले, काठी टेकत माडी चढले, गाडी दोनदा चालवायला लावली आणि म्हणाले, “चहाचा स्टॉल कुठंय?” तो मी विसरलोच होतो. काकांच्या मते तो दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबांमध्ये होता, अण्णांच्या मते पाचव्यापाशी. दोघे जेवणाची ताटे वाढेपर्यंत भांडत होते. स्टॉल करून तयार आहे, चार सेंटिमीटर रुंदीचा. अजून चिकटवलेला नाही.