ओळख देणारा

पूर्वी आमच्या बँकेत खातं उघडायचं तर फॉर्मावर जुन्या खातेदाराची सही लागे. ‘ओळख देणारा’ म्हणत त्याला. गावात नवा आलेला माणूस रडकुंडीला येऊन म्हणायचा, “साहेब, मला इथं कुणीच ओळखत नाही हो!” आम्ही शांतपणे म्हणायचो, “मग ओळख करून घ्या आणि या.”

नव्या मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीमचं दुखणं हेच आहे, आणि ते कळायला माझं बी.कॉम. पुरलं. अ‍ॅप नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून अ‍ॅप लिहायला कुणी तयार नाही. अँड्रॉइड आणि आयफोन हे दोन जुने खातेदार. ते तिसऱ्याच्या फॉर्मावर सही कशाला करतील?

पैसे मोजले की सही मिळते, असं मायक्रोसॉफ्टला वाटलं. त्यांनी अ‍ॅप लिहिणाऱ्यांना पदरचे पैसे दिले, २०१४ साली नोकियाचा फोनचा धंदा सात अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतला आणि २०१५ साली त्यापायी साडेसात अब्जांच्या वर रक्कम बुडीत लिहून टाकली. जवळजवळ सगळी खरेदीच बुडीत! आमच्याकडे कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर रात्री आठपर्यंत कुणाला घरी सोडत नाहीत.

फायरफॉक्सवाले त्या मानानं गरिबाघरचे. त्यांचा फोन २०१४ साली आपल्याकडे १,९९९ रुपयांना निघाला. पण त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. ज्या फोनवर मावशीचं ‘शुभ सकाळ’ येत नाही, तो संसारी माणसानं घ्यायचा कशाला? २०१५च्या डिसेंबरात त्यांनी फोनचा नाद सोडला. गंमत पुढेच आहे. त्याच सिस्टीमच्या पोटातून निघालेली कायओएस २०१७ साली जिओच्या बटणांच्या फोनात शिरली. दीड हजार डिपॉझिट, तीन वर्षांनी परत. (ही भाषा आम्हांला लगेच समजते.) फोन कोट्यवधी खपले आणि २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅप आपल्या पायांनी चालत आलं. ओळख देणारा वजनदार निघाला!

हे सगळं मी परवा काउंटरवर एका निवृत्त गणिताच्या सरांना समजावत होतो. त्यांनी हट्टानं फोनात तिसरीच सिस्टीम घातली आहे, आणि आमच्या बँकेचं अ‍ॅप ‘हा फोन असुरक्षित आहे’ म्हणून मिटून बसतं.

“सर, सगळे वापरतात तेच घ्या ना.”

“अरे, चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, शेजाऱ्याचं बघून लिहू नका.”

त्यांनी पासबुक पुढं सरकवलं. छापायचं मशीन बंद होतं. मी पेन काढलं.