पिवळा खून

खुनाखुनीचे चित्रपट मला फार आवडतात. अट एवढीच, की घरातले सगळे दिवे चालू हवेत आणि शेजारी सौ. हवी. तिला असले चित्रपट मुळीच आवडत नाहीत, पण ती मटार सोलत बसते. पडद्यावर मुडदे पडत असताना कानावर शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला, की माणसाला धीर असतो.

गेल्या रविवारी पुतण्या एक इटालियन चित्रपट घेऊन आला. म्हणाला, ‘काका, हा जाल्लो आहे.’ जाल्लो म्हणजे पिवळा. मी घाईघाईने दार लोटून घेतलं. आमच्या लहानपणी ‘पिवळं पुस्तक’ एवढे दोन शब्द ऐकूनच वडील कान पिळत. पण इटलीतला पिवळेपणा अगदी सोवळा निघाला. १९२९ साली मोंदादोरी या प्रकाशकाने रहस्यकथांची माला पिवळ्या वेष्टनात काढली आणि पुढे रहस्यकथेलाच तिकडे ‘पिवळी’ म्हणू लागले. थोडक्यात, आमच्या बाबूराव अर्नाळकरांचे हे इटालियन मावसभाऊ!

चित्रपट होता मारिओ बावाचा, १९६४ सालचा. इंग्रजीत ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’. मूळ इटालियन नावाचा अर्थ मात्र ‘खुन्यासाठी सहा बायका’. आकडा आधीच सांगून टाकणारा असा प्रामाणिक दिग्दर्शक विरळा. रोममधलं एक उंची कपड्यांचं दुकान, तिथल्या मॉडेल मुली, एकीची डायरी आणि त्या डायरीत बाकीच्यांची लफडी. खुनी कोण ते सांगत नाही. त्याला चेहराच नाही. तोंडावर पांढरं फडकं, डोक्यावर हॅट, अंगात लांब कोट, हातात काळे मोजे.

आणि रंग! एवढा जांभळा, हिरवा आणि लाल उजेड एका जागी मी फक्त लग्नाच्या मांडवात पाहिला होता. बावा मुळातला कॅमेरावाला. वडील शिल्पकार आणि सिनेमातल्या करामती करणारे. पैसा बेताचा. कॅमेरा सरकवायला म्हणे पोरांची खेळण्यातली गाडी वापरली! आणि त्या गाडीमागून पुढे सगळी वरात निघाली. दारिओ आर्जेंतोने १९७०पासून तेच काळे मोजे उचलले, इतके मनापासून, की त्याच्या चित्रपटांतल्या खुन्याचे हात पुष्कळदा त्याचे स्वतःचेच असत. १९७८च्या ‘हॅलोवीन’नंतर तर अमेरिकेत मुखवटेवाल्या खुन्यांचं पेवच फुटलं.

ही सगळी माहिती मी सौ.ला चालू चित्रपटात देत होतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात एक मुलगी जीव मुठीत घेऊन पळते, तिथे मी म्हणालो, ‘तो हिरवा उजेड बघ, कसा लपलप करतोय!’ सौ. काही बोलली नाही. न्हाणीघरातल्या खुनाला मी पुन्हा ‘वा!’ म्हणालो, तेव्हा मात्र शेंगांचा आवाज थांबला.

‘अहो, ही मेली तिचं नाव काय?’

मला कॅमेऱ्याचा कोन सांगता आला असता. झग्याचा रंगही. नाव काही आठवेना.

‘ताओ-ली,’ सौ. म्हणाली. ‘त्याच्या आधी ग्रेटा. त्याच्या आधी पेगी. तुमच्या हिरव्या उजेडातली निकोल. आणि अगदी पहिली इझाबेला. सहावी अजून व्हायचीय.’

मी तासभर डोळे फाडून पाहत होतो आणि ही खाली मान घालून मटार सोलत होती! चेहरा काय फक्त त्या खुन्यालाच नव्हता? माझ्या लेखी त्या पाचजणींनाही नव्हताच. फडकं गुंडाळायची तसदी तेवढी मी घेतली नव्हती.

सहावीचं नाव मी लक्षात ठेवलं. तिच्या वेळी ‘वा’ आलं नाही. चांगली भीती वाटली. रात्री पाणी प्यायला जायचं, तर सौ.ला उठवावं लागलं. तिनं कुरकुर न करता स्वयंपाकघरातला दिवा लावला.

‘साधा पिवळाच आहे हो,’ ती म्हणाली. ‘चालेल ना?’