करवतीची निवड

साधन निवडताना मनुष्य प्रथम त्याचे सामर्थ्य पाहतो. ते आपल्या हातांस आवरेल की नाही, हा विचार त्यास मागाहून सुचतो. कोराडीचा एक तरुण सुतार यांत्रिक करवतींची इंग्रजी माहितीपत्रके आमच्याकडून समजावून घेण्यास आला, तेव्हा त्याची नजरही सर्वांत मोठ्या करवतीवरच खिळली होती.

त्याचा धंदा लाकडी नंदी घडविण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, नागपूरकडील मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवितात. वडिलांनी वाकस व पटाशी यांवर संसार चालविला. मुलास आठवड्याचे काम दिवसात उरकावयाचे होते. इच्छा रास्तच होती. पण पणाला लागावयाचे होते ते त्याचे हात.

साखळीच्या करवतीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाईन या जर्मन वैद्याने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाची अशी एक करवत तयार केली. लाकडासाठी विजेची करवत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये काढली. हाडासाठी जन्मलेले हे हत्यार हाडाला अद्यापि विसरलेले नाही! फिरत्या साखळीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास अडला, की करवत क्षणार्धात उसळून कारागिराच्या तोंडाकडे येते. कोरीव कामात तर टोकाचाच उपयोग फार. म्हणून अशा कामासाठी निमुळत्या, अरुंद टोकाची पट्टी निराळी मिळते. तिचा उसळा पुष्कळच कमी असतो.

आम्ही त्यास सांगितले, की करवत हलकी घ्यावी, उसळताच साखळी थांबविणारा ब्रेक तीत असावा आणि पट्टी कोरीव कामाचीच असावी. छपराखालच्या कामास पेट्रोलच्या धुरापेक्षा वीज बरी. आणि १९७४ पासून वीज निर्माण करणाऱ्या गावी तिचे अगत्य कोणी शिकवावे? डोळ्यांस व कानांस संरक्षण हवे, पायांस साखळी अडविणाऱ्या धाग्यांची विजार हवी. लुंगी मात्र नको.

या यादीची किंमत ऐकून तो खट्टू झाला. परंतु संरक्षणाचे पैसे वाचवून मोठे यंत्र घेणे, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. पोट, मान, वशिंड यांचे स्थूल रूप करवतीने काढावे. शिंगांचा बाक, नाकपुड्या व डोळे पटाशीसाठी राखावेत. आपण म्हणू तेथे जे थांबते, तेच साधन आपले.