शेजारची खुर्ची

कापूस वेचताना नागपूरकडे जाणारे विमान दिसले, की आम्ही दोघी बहिणी मान वर करून पाहत राहायचो. "ताई, बाई चालवत असेल का गं ते?" धाकटी विचारी. मी हसून सोडून देई.

उत्तर मिळाले वर्ध्याला, कॉलेजच्या ग्रंथालयात. फ्रान्सच्या रेमंड द लारोश यांनी ८ मार्च १९१० रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. जगात तो मिळवणारी ही पहिली स्त्री. पण मन रमले ते आपल्या सौदामिनी देशमुखांपाशी. १९८५ मध्ये त्यांनी इंडियन एअरलाइन्सचे फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले. शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक निवेदिता भसीन. विमानातले सारे कर्मचारी स्त्रियाच! पुढे १९९० मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, निवेदिता स्वतः जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. वाटले, पहिलीचे मोठेपण एकटीने उंच जाण्यात नाही. शेजारी दुसरीला जागा मिळण्यात आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. यंदा धाकटी दहावी झाली. "एक शिकून राहिली, तेवढं पुरे," बाबा म्हणाले. आयुष्यात प्रथमच मी त्यांच्यापुढे बोलले, "मग बाबा, मीही उद्यापासून जात नाही."

रात्रभर घरात कोणी बोलले नाही. सकाळी बाबांनी तिच्या प्रवेश-अर्जावर सही केली.

आता एस.टी.त खिडकीजवळची जागा तिची. शेजारी मी.